लेंडी वाचणाऱ्या सासूबाई

माझ्या सासूबाईंना जात मान्य नाही, धर्मावरून वाद आवडत नाही, आणि कोणता पक्ष निवडून आला याची त्यांनी कधी चौकशी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. सगळ्या जिवंत सृष्टीची त्या दोनच गटांत विभागणी करतात: ज्यांचं पोट ठिकाणावर आहे ते, आणि ज्यांचं नाही ते. माणूस असो, शेळी असो, गावचा सरपंच असो, सगळ्यांना हा एकच निकष. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी माझं शिक्षण, नोकरी, बार्शीतलं भाड्याचं घर असल्या किरकोळ गोष्टी विचारल्या. सासूबाईंनी पोह्यांच्या बश्या गोळा करता करता एकच प्रश्न टाकला. "सकाळी किती वाजता जाताव?" मी शाळामास्तर. शाळेचंच विचारतायत असं समजून मी सांगितलं, "साडेदहाला." त्यांचा चेहरा पडला. "रोज इतक्या उशिरा?" "हो. शनिवारी मात्र सकाळी सातला." "असं कसं? शनिवारीच कसं लवकर?" "वरून आदेशच आहे तसा," मी म्हणालो. सासूबाई बश्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. आतल्या खोलीतून कुणाचं तरी हसू फुटलं. ती संगीता होती. त्या हसण्यावर मी लग्नाला होकार दिला. सासूबाईंचा होकार मात्र दोन दिवस अडकून पडला होता, असं मला पुढं कळलं.

भूमपासून एसटीनं वीसेक मिनिटांवर त्यांचं गाव. तिथल्या अंगणवाडीत त्यांनी सेविका म्हणून उभी हयात काढली. आज गावात मिशीला पीळ देऊन फिरणाऱ्या कितीतरी गड्यांना त्यांनी झोळीत टांगून तोललेलं आहे, त्यामुळं त्यांच्यासमोर कुणाच्या मिशीचं काही चालत नाही. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी सरकारी वजनकाटा, तक्ते, रजिस्टर सगळं मोजून ताब्यात दिलं, घरी आल्या आणि आठ दिवस नुसत्या बसून राहिल्या. नवव्या दिवशी भूमला जाऊन तसलाच काटा स्वतः विकत घेऊन आल्या. तोलायला घरात मामाच तेवढे उरले होते. मामा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि बोलण्याचं आवर्तन फार जपून सोडणारे. त्यांनी झोळीकडं बघितलं, ती टांगलेल्या आढ्याकडं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं दोन गाभण शेळ्या घेऊन आले.

शेळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या, उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव बदललं, पण शेळीला कुणी विचारायला आलं नाही. ती अजून उस्मानाबादीच आहे. दोघी व्यायल्या, प्रत्येकीला जुळं झालं आणि सासूबाईंची अंगणवाडी पुन्हा सुरू झाली. दर रविवारी करडांची वजनं होऊ लागली. झोळीत बसलेलं करडू चारी पाय खाली सोडून, एखाद्या खात्याचा मंत्री हेलिकॉप्टरमधून दुष्काळ बघतो तसं खाली बघत असतं. वजन वहीत उतरतं आणि समोर रंगीत पेनानं टिंब पडतं. हिरवं म्हणजे उत्तम, पिवळं म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे त्या दिवशी घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. माणसांची नावं करडांना द्यायला त्यांची बंदी आहे. एकदा चुकून दिलं, तर त्या नावाची बाई महिनाभर बोलली नाही म्हणे. म्हणून त्या ज्याच्या त्याच्या खाण्याच्या तऱ्हेवरून नाव ठेवतात. एक होती 'तक्रार', एक होती 'सावकाश', आणि दुधाच्या वासानं दोन करडांच्या डोक्यावरून उडी मारून येणारी एक होती तिचं नाव 'घाई'.

लग्नानंतर पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा सकाळी मी कपबशी घेऊन अंगणात आलो, तर सासूबाई गोठ्यात उकिडव्या बसून, चष्मा नाकावर घेऊन जमिनीवरचं काहीतरी वाचत होत्या. वाचत होत्या असंच म्हणावं लागेल. आपण पेपराचं पहिलं पान वाचतो तशा त्या करडांच्या लेंड्या वाचतात. "या, पावणं, हे बघा," त्यांनी एक लेंडी पिंपळाच्या पानावर घेऊन माझ्या कपाच्या काठाशी धरली. "कशी सुटी हाय, गोल हाय, चकचकीत हाय. ही तक्रारची. आन् ही बघा, चिकट आलीया, एकमेकीला धरून बसलीया. म्हंजे काल ह्यानं आईला जास्ती लुचलंय. आज ह्याला आर्धंच दूध." चहा मी तसाच ठेवला. त्यावर त्यांनी मामांना हळूच सांगितलेलं मला ऐकू आलं: "चहा गेला न्हाय त्यांना. पोटात कायतरी हाय."

त्यांचे नियम ऐकत ऐकतच मी त्या घरचा जावई झालो. जन्मल्याबरोबर चीक पाजलाच पाहिजे, वार पडायची वाट बघत बसायचं नाही. दूध जास्त झालं की पांढरी हगवण लागते, म्हणून माया मोजून करायची. कोवळा पाला द्यायचा तो जुडी बांधून तोंडाच्या उंचीला टांगून. जमिनीवर टाकलेलं खाणं शेळी अपमान समजते आणि त्यात माती, जंत जातात ते वेगळंच. दवातलं ओलं गवत उपाशी पोटी नको. आणि नवा चारा म्हणजे पहिल्या दिवशी चिमूट, मग मूठ, मग जुडी. असं का, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं तसं कुठल्याही विज्ञानाच्या मास्तरला सांगता आलेलं नाही. "पोटात लई बारीक बारीक नोकर असत्यात, पावणं. चारा तेच पचवत्यात. रोजच्याला एक काम करायचं आन् अचानक दुसरंच अंगावर टाकलं, की संपावर जात्यात. आमी न्हाय का मोर्चे काढले?"

अडचण अशी की हे नियम त्या शेळ्यांपुरते ठेवत नाहीत. दुसऱ्या गावातनं आलेला जावई म्हणजे चारा बदललेला जीव, म्हणून पहिल्या दिवशी मला अर्धी भाकरी, पातळ वरण आणि ताक. दुसऱ्या दिवशी एक भाकरी. तिसऱ्या दिवशी भाजीचं दर्शन. जावयाला आग्रह करकरून वाढतात असं मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. मी मामांकडं आशेनं बघितलं. मामा ताटातून मान वर न करता म्हणाले, "चौथ्या दिशी सुटतंय सगळं. दम धरा."

मी दम धरला नाही, आणि त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

दिवाळीची सुट्टी होती. मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आणि संगीता गल्लीतल्या एका बाळंतिणीला बघायला गेल्या. मामा शेतात. जाताना सासूबाईंनी मला बजावलं, "चार वाजता शेवरीची जुडी टांगा. बाकी कायबी देऊ नका. घाई वरडंल. वरडू द्या." मी बरं म्हणालो. त्या कोपऱ्यावर वळल्या आणि घाईनं टाहो फोडला. अडीच महिन्यांची ती पाठ, म्हणजे मादी करडू, पुढचे दोन पाय कुडाच्या फळीवर ठेवून माझ्याकडं अशी बघत होती, की मला आरशात बघितल्यासारखं वाटलं. एकाच सरकारच्या अमलाखाली भरडलेले दोन जीव आम्ही. फडताळात शंकरपाळ्यांचा डबा होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मोठ्या शेळ्यांसाठी आणलेलं मक्याच्या भरड्याचं पोतं कुठं आहे हे घाईला. मी डबा काढला. मग एकट्यानं खाणं बरं दिसेना म्हणून एक ओंजळ भरडा तिच्यापुढं धरला. माझ्या तळहाताला तिची जीभ लागली आणि माझा विवेक संपला. ती एक ओंजळ, मी एक मूठ. ती एक ओंजळ, मी एक मूठ. चार वाजता जुडी टांगली तेव्हा तिनं पाल्याकडं ढुंकून बघितलं नाही. जेवण झालेल्या माणसासारखी एका कडेला जाऊन उभी राहिली. मीही पडवीत जाऊन आडवा झालो.

सासूबाई परत आल्या त्या थेट गोठ्यात. "घाई वरडंना का?" त्यांचा आवाज ऐकूनच मी उठून बसलो. घाई मान खाली घालून उभी होती, दात करकरा खात होती, आणि तिची डावी कूस ढोलकीसारखी वर आली होती. सासूबाईंनी त्यावर टिचकी मारली. आवाजही ढोलकीचाच आला. "काय खाल्लं हिनं?" त्यांनी मला विचारलं.

मी भूमिती शिकवतो. सिद्ध करता येणार नाही असं विधान करू नये हे मुलांना रोज सांगतो. मी म्हणालो, "काही नाही. जुडीच."

त्यांनी लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टर पलीकडच्या गावात होते. "मावशी, काय खाल्लं ते नीट सांगा. पाला असंल तर येगळं, धान्य असंल तर येगळं. चुकीचं पाजलं तर हातची जाईल." सासूबाई म्हणाल्या, "शेवरीच खाल्ली म्हंत्यात." घाईनं तेवढ्यात गुडघे टेकले. काळे लांब कान जमिनीला लागले. संगीता माझ्याकडं बघत होती. मला माझी इभ्रत जायची भीती वाटत होती. पण घाईच्या त्या फुगलेल्या पोटाकडं बघून इभ्रतीचं नावसुद्धा तोंडात आणायची लाज वाटली.

"भरडा," मी म्हणालो. "मी चारला. चार ओंजळी. पाच असतील."

मला वाटलं, आता आकाश कोसळेल. सासूबाईंनी फक्त फोन तोंडाजवळ घेतला. "भरडा खाल्लाय, डॉक्टर. पाच वंजळी. आमच्या पावण्यानं चारला." डॉक्टर पलीकडून सांगू लागले, "खायचा सोडा पाण्यात इरघळवून थोडा थोडा पाजा. मान लई वर करू नका, ठसका लागू देऊ नका. पाणी समोर ठेवू नका. कूस चोळत ऱ्हावा. निघालोच म्या."

मग मला कामाला लावलं. घाईचे पुढचे पाय उंबऱ्यावर, मागचे खाली, आणि तिला तसं धरून ठेवायचं काम माझ्याकडं. सासूबाई एका हातानं डावी कूस खालून वर चोळत होत्या, दुसऱ्या हातानं घोटघोट पाजत होत्या, आणि तोंडानं अंगणवाडीतल्या पोरीला समजवावं तसं चाललं होतं. "गिळ बाई. अजून एक. शानी हायस तू." अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. माझ्याही पोटात आता कळा येऊ लागल्या होत्या. कपाळाला घाम आला. शेवटी मी चाचरत म्हणालो, "मामी, माझंही पोट..." त्यांनी वर न बघता विचारलं, "तुमी काय खाल्लं?" "शंकरपाळ्या." "किती?" "डबा." त्यांचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला. "जरा कळ काढा. तुमाला बोलता येतंय, तिला येत न्हाय."

शेतातून मामा आले, उंबऱ्याशी चाललेला तो प्रकार त्यांनी बघितला, काही न विचारता बैलाला पाणी दाखवून आले आणि मग माझ्या शेजारी बसून म्हणाले, "चौथ्या दिशी सुटतंय म्हणलं होतं की नव्हं?"

आणि एकाएकी घाईनं ढेकर दिला. एवढ्याशा जिवातून एवढा मोठा आवाज निघतो हे मी कुणाला सांगितलं तर पटत नाही. आंबूस वाफेचा झोत माझ्या तोंडावर आला आणि त्याक्षणी मला तो अत्तरासारखा वाटला. सासूबाईंनी डोळे मिटले. पाठोपाठ दुसरा ढेकर, मग तिसरा. डॉक्टर फटफटीवरून आले तोवर कूस निम्म्यानं उतरली होती. त्यांनी तपासलं, एक सुई दिली, दोन दिवस फक्त वाळला चारा आणि थोडं थोडं दूध सांगितलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "यांना बी सुई टोचू का मावशी?" सासूबाई गंभीरपणे म्हणाल्या, "नको. ते पिवळ्यात हायेत अजून. लाल झाले तर बघू."

दिवस कलताना घाईचा जबडा हळूच डावीउजवीकडं हलायला लागला. ती रवंथ करत होती. सासूबाई तिच्या कुशीला कान लावून बसल्या, आणि थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "हिकडं ये. हितं कान लाव." मी कान लावला. आत खोलवर, लांब कुठंतरी गाडी पुलावरून जावी तसा गुडगुडाट झाला, थांबला, पुन्हा झाला. "ऐकलं का? कामावर आले सगळे," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या मला अरे-तुरे करून गेल्या होत्या, हे माझ्या फार नंतर ध्यानात आलं. माझ्या माहितीत जावयाला अरे-तुरे करणारी ती एकच सासू, आणि त्या दिवशी मला त्याचा जेवढा मान वाटला तेवढा कुठल्याही फेट्यानं वाटला नसता.

अर्थात मान तेवढाच. पुढं गावात माझी ओळख करून देताना त्या "हे आमचे जावई, बार्शीला मास्तर" असं न म्हणता "हे भरडा चारणारे" असं म्हणू लागल्या. त्यांच्या वहीत घाईच्या पुढच्या पानावर माझं नाव आहे, वजन आहे, आणि सलग तीन वर्षं पिवळी टिंबं आहेत. संगीताच्या बाळंतपणाला त्या आमच्याकडं महिनाभर राहिल्या, तेव्हा रोज संध्याकाळी मामांना फोन. मामांची तब्येत विचारून झाली की, म्हणजे विचारायची राहिली की, हुकूम सुटायचा: "फोन पोटाला लावा." मामा बिचारे एकेका करडाच्या कुशीला फोन धरायचे आणि सासूबाई आमच्या गॅलरीत बोटानं दुसरा कान बंद करून ऐकत राहायच्या. एकदा ऐकता ऐकता म्हणाल्या, "ह्याचं काय खरं न्हाय, आत कायच वाजंना." पलीकडून मामांचा आवाज आला, "माझंच पोट हाय ते. कुणी इचारंना, म्हणून लावलं."

एक गोष्ट मात्र त्या कधी करत नसत. भूमच्या बाजाराला बोकड घेऊन मामाच जायचे. त्या दिवशी सासूबाई सकाळपासून घरात काहीतरी काम काढून बसायच्या, धान्य निवडायच्या, पत्र्याचे डबे घासायच्या, आणि मामा परत आले की चहा द्यायच्या. बाजाराचं काही विचारायच्या नाहीत. पाठी घरी राहतात, त्यांच्या पुढं शेळ्या होतात. बोकडांना जावं लागतं. शेळी पाळणाऱ्या घरात हे कुणी कुणाला सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात मामांचं गुडघ्याचं दुखणं वाढलं आणि मी सुट्टीत गेलो होतो. मी एकटा जातो म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, "तुमाला कुणीबी फशिवंल," आणि पदर खोचून बरोबर निघाल्या. बोकडाचं नाव होतं निवांत. अंगावर तेल लावल्यासारखी झळाळी, पोट आडवं भरलेलं, चाल एखाद्या मुख्याध्यापकासारखी. त्याच्याभोवती लगेच माणसं जमली. एका वयस्कर व्यापाऱ्यानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मावशी, जनावर काय राखलंय!" सौदा झाला. सासूबाईंनी दावं सोडून आपल्याकडं ठेवलं. जनावराबरोबर दावं देत नाहीत. मग पिशवीतून वहीचा एक घडी केलेला कागद काढून त्यांनी त्याच्या हातात दिला.

त्यानं उघडला. सेविकेचं ते गोलगोल स्वच्छ अक्षर. सकाळी आधी वाळला चारा, मग हिरवा. सरकी पेंड मूठभर, भिजवून. नवा चारा एकदम नको. त्यानं सगळं वाचलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आता हा हसणार, आणि मग मला काहीतरी बोलावं लागणार. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं. सासूबाईंनी उभी हयात पोरांची आणि करडांची पोटं सांभाळली होती, त्यांना काय माहीत नव्हतं?

"मावशी," तो म्हणाला, "पाणी गार द्यायचं, का कोमट?"

"थंडी हाय तवर कोमट," सासूबाई म्हणाल्या. "लई न्हाय. हाताला सोसंल असं."

"बरं," त्यानं कागदाची पुन्हा घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली.

परतीच्या एसटीत खिडकीशी त्या बसल्या. मांडीवर दावं होतं. गावाचा फाटा दिसू लागला तेव्हा एकाएकी म्हणाल्या, "चिठ्ठीत एक ऱ्हाऊन गेलं बघा. त्याला कुत्र्याचं भ्या वाटतंय."

मी म्हणालो, "व्यापाऱ्याचा नंबर आहे माझ्याकडं. सांगू का फोन करून?"

त्या दाव्याची गुंडाळी करू लागल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "चांगला माणूस होता. कळंल त्याचं त्याला." आणि उतरायला उठताना त्यांनी ते दावं माझ्या हातात दिलं, आपला पदर सारखा केला, आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.